मदत हवी आहे: मेश लाल होईपर्यंत तापवायची, पण आतला कापूस निघत नाहीये

घाईत_आहे
ई-सिगारेटची नवीन मेश आणली. गाइडमध्ये लिहिलंय की वापरण्याआधी ती टॉर्चच्या ज्योतीवर लाल होईपर्यंत तापवायची, लगेच पाण्यात बुडवायची, असं पाच-सहा वेळा. याला ऑक्सिडाइझ करणं म्हणतात म्हणे. माझ्या मेशभोवती कापूस आहे, तो जळेल ना? चिमट्याने ओढला तर पत्राच वाकतोय. आज लावायची आहे, लवकर सांगा.

तारकस
कोणत्या टँकची? ओम किती? गाइड कधीचं?

घाईत_आहे
मेश म्हणजे मेश, साधीच. गाइड चांगलं सविस्तर आहे. ते कधीचं याने काय फरक पडतो?

कापूसकोंड्या
कापसाचं सोपं आहे. तापणाऱ्या पट्टीखालून ओढताना किंचित अडकत सरकला पाहिजे. सैल राहिला तर पट्टी मधेच लाल होते, फार घट्ट असेल तर ज्यूस (ई-सिगारेटचा द्रव) चढत नाही. टोकं तिरकी कापा आणि विंचरून थोडी विरळ करा.

तारकस
@कापूसकोंड्या, कापूस कसा भरायचा हे त्यांनी विचारलेलंच नाही.
@घाईत_आहे, टॉर्च आधी बाजूला ठेवा. तुमच्या गाइडमधली मेश आणि हातातली मेश या दोन वेगळ्या वस्तू आहेत. जुन्या जेनेसिस प्रकारच्या अ‍ॅटोमायझरमध्ये (ज्यूस तापवणाऱ्या भागात) मेश ही वात असायची. स्टीलची बारीक जाळी, ४०० किंवा ५०० नंबरची, गुंडाळून खालच्या टाकीत सोडायची आणि वरच्या टोकाला कँथलची तार गुंडाळायची. तापायची ती तार. स्टीलमधून वीज जाते, त्यामुळे उघड्या जाळीला तार टेकली की शॉर्ट व्हायचं आणि एखादाच वेढा लालभडक व्हायचा. ज्योतीवर तापवून जाळीवर ऑक्साइडचा थर आणायचा तो एवढ्याचसाठी.
आताच्या मेश कॉइलमध्ये तो भोकाभोकांचा पत्रा स्वतःच तापतो, वीज त्यातूनच जाते आणि वातीचं काम कापूस करतो. ती ज्योतीवर धरली तर कापूस जळेल, तळाचं रबरी इन्सुलेटर वितळेल आणि मॉडवर (बॅटरीच्या डब्यावर) शॉर्ट दाखवेल.

जुनाजाणता
कंदिलाच्या बर्नरला कुणी वात म्हणत नाही. मेश म्हणजे जाळीची वात, बस्स. भोकं पाडलेल्या पत्र्याला मेश म्हणायचं खूळ विकणाऱ्यांनी काढलं आणि असे घोळ सुरू झाले. पत्र्याला पट्टी म्हणा, मिटलं.

ओहमकार
मिटत नाही. आज दुकानात मेश मागितली तर कॉइलच हातात पडते. शब्द वापरणाऱ्यांचा असतो. मॉड म्हणजे एकेकाळी बॅटरीच्या टॉर्चची नळी कापून घरी बनवलेलं यंत्र. आता कारखान्यातून आलेला डबाही मॉडच. ५१० हा ई-सिगारेटच्या एका मॉडेलचा नंबर होता, आता आपण सगळे तो टँक मॉडवर बसवायच्या आट्यांच्या मापासाठी वापरतो. त्यावर कधी तक्रार नाही केलीत.

जुनाजाणता
५१०चा अर्थ बदलला म्हणून कुणी चुकीची वस्तू ज्योतीवर धरत नाही. सब-ओमचंही तेच झालंय. एक ओमच्या खालची कॉइल, एवढाच अर्थ. आता मोठं एअरफ्लो (हवेची वाट) दिसलं की सब-ओम.

ओहमकार
सब-ओमचं मान्य. पण त्यावर उपाय एकच: शब्द सोडा, आकडे विचारा. ओम, वॅट, निकोटिन. 'कार्ट'चंच बघा. जुने लोक कार्ट्रिज समजतात, नव्यांपैकी बरेच जण गांजाच्या तेलाची. तिथे नुसत्या शब्दावर विसंबणं कसं परवडेल?

शुद्धलेखनप्रेमी
मूळ प्रश्न बाजूला राहू द्या, पण 'वेप' की 'व्हेप' हे एकदा ठरवा. २०१४ मध्ये ऑक्सफर्डने वर्षाचा शब्द म्हणून निवडला, तरी आपलं अजून चाललंय. शिवाय ती वाफ नाहीच. द्रवाचे सूक्ष्म थेंब हवेत तरंगतात, त्याला एरोसोल म्हणतात.

तारकस
यासाठी वेगळा धागा काढा, कृपया.

घाईत_आहे
कॉइलवर लिहिलंय ०.१५ ओम, ६० ते ८० वॅट. छोट्या नळकांड्यासारखी आहे, बाजूला चार भोकं. एका भोकातून थोडा कापूस ओढला गेलाय. चालेल?

तारकस
नाही. तिथून गळेल, आणि पत्र्याला जिथे कापूस टेकत नाही तिथे पहिल्याच झुरक्याला जळका वास येईल. ती टाका, पाकिटातली दुसरी घ्या. प्रत्येक भोकात ज्यूसचे तीन-चार थेंब, मधल्या छिद्रातून दोन. मग टँक भरून दहा मिनिटं तसाच ठेवा. ४५ वॅटपासून सुरू करा, काही झुरके झाले की पाच-पाचने वाढवा. ज्यूस किती निकोटिनचा आहे?

घाईत_आहे
बाटलीवर ५% निकोटिन सॉल्ट आहे.

ओहमकार
थांबा, भरू नका! ५% म्हणजे मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम. तो १०-१५ वॅटच्या छोट्या पॉडसाठी (कमी ताकदीच्या ई-सिगारेटसाठी) असतो. ७० वॅटला एका झुरक्यात कितीतरी जास्त द्रव उडतो, म्हणजे निकोटिनही तितकंच जास्त. चक्कर, मळमळ, उलटी. या कॉइलला ३ मिलिग्रॅमचा घ्या, फार तर ६, तोही सॉल्ट नसलेला.

घाईत_आहे
पण गाइडमध्ये २४ मिलिग्रॅम नेहमीचा म्हटलंय.

तारकस
कोणत्या कॉइलला?

घाईत_आहे
कार्टो (कॉइलसकटची कार्ट्रिज), १.८ ओम, ३.७ व्होल्ट.

तारकस
३.७ चा वर्ग भागिले १.८, म्हणजे साडेसात वॅटच्या आसपास. तुमच्या कॉइलच्या नऊ-दहा पट कमी. आता तरी सांगा, गाइड कधीचं?

घाईत_आहे
पहिल्या पानावर २०१२ आहे.

जुनाजाणता
गाइड बरोबरच आहे. ते जपून ठेवा.

घाईत_आहे
३ मिलिग्रॅमचा आणतो. व्हीजी (ग्लिसरिन) किती टक्के हवं?

कापूसकोंड्या
७०. त्याहून कमी म्हणजे ज्यूस पातळ, तो गळेल. आणि कापसाचं मी वर सांगितलंय ते वाया जाणार नाही, पुढे रिबिल्डेबल (कॉइल-कापूस स्वतः बसवायचा प्रकार) घ्याल तेव्हा लागेलच.