बी-4 ची ऐरण: ठणठण वेगळी, धप्प वेगळं

मोहिनीताई, सचिव (सी-2): नमस्कार. बी-4 च्या मागच्या अंगणात अनिकेतला लोहारकामासाठी ऐरण बसवायची आहे. लेखी अर्ज आला आहे. सोसायटीच्या कमिटीचं म्हणणं एवढंच, की आवाजाचं आधी ठरावं आणि मगच ऐरण बसावी. ज्यांना यातलं कळतं त्यांनी कृपया सविस्तर लिहा. आज इथे दुसरे फॉरवर्ड नकोत.

अनिकेत (बी-4): मापं देतो. ऐरण ओतीव पोलादाची, 50 किलो. उंची 22 सेंमी, बूड 25 × 20 सेंमी. हातोडा एक किलोचा. जागा शहाबादी फरशीवर, बी-5 च्या भिंतीपासून अडीच मीटर. खाली 20 मिमीचा जिमचा रबरी मॅट टाकून त्यावर लाकडी ओंडका आणि ओंडका-ऐरणीच्या मध्ये तोच मॅट, असा विचार आहे.

वैशाली (बी-5): आमची बेडरूम त्याच भिंतीला लागून आहे. मला आधी हे सांगा, त्रास हवेतून येणाऱ्या आवाजाचा जास्त होईल की जमिनीतून येणाऱ्या धक्क्याचा? खिडकी बंद करून भागणार असेल तर माझी हरकत नाही.

मेधाताई (सी-6): वैशाली, सगळं या प्रश्नावरच ठरतं. ऐरणीचे आवाज दोन असतात आणि दोन्हींचे रस्ते वेगळे.

ठणठण होते ती ऐरण स्वतः थरथरते म्हणून. मध्ये कमर बारीक, एका बाजूला निमुळतं शिंग, दुसऱ्या बाजूला मागचं टोक, दोन्ही अधांतरी, त्यामुळे ठोका बसला की ती दोन्ही टोकं घंटेसारखी वाजत राहतात. हा आवाज उंच पट्टीचा, हवेतून येणारा, कानाला टोचणारा. खिडकी बंद केली की बराच कमी होतो.

धप्प आवाज वेगळा. ठोक्याचा धक्का स्टँडमधून फरशीत, फरशीतून जोत्यात आणि जोत्यातून भिंतीत जातो. खालच्या पट्टीचा असतो. खिडकी बंद करून काही उपयोग नाही, कारण तो भिंतीतूनच खोलीत येतो.

ठणठणीचा इलाज ऐरणीवर करायचा, धप्पचा स्टँडच्या खाली. बरेच जण एकच जाड मॅट घेऊन दोन्हींवर औषध करायला जातात आणि मग दोन्ही आवाज तसेच राहतात.

सुहासकाका (ए-1): अनिकेत, ऐरण आणि लाकडाच्या मध्ये 20 मिमी रबर अजिबात नको. ठोक्यासरशी ऐरण खाली दबते आणि उसळते. जोर तापलेल्या लोखंडात जाण्याऐवजी रबर दाबण्यात जातो, म्हणजे त्याच कामाला जास्त ठोके, म्हणजे जास्त वेळ आवाज. शिवाय उसळून उसळून बोल्ट ढिले होतात आणि ढिली ऐरण सगळ्यात जास्त वाजते. ऐरणीखाली थर हवा, पण चार मिलिमीटरचा. जाड रबर सगळ्यात तळाला.

अनिकेत: काका, तळाला रबर चालतं आणि वर चालत नाही, हे कसं?

मेधाताई: वजनामुळे. वर मॅटवर फक्त 50 किलो, त्यावर थेट हातोडा. तळाच्या मॅटवर ऐरण, स्टँड, भराव मिळून दोनशे किलोच्या वर वजन असेल, तर एक किलोच्या हातोड्याने ते जेमतेम हलतं. हलतं कमी, म्हणून ठोका वाया जात नाही. आणि जो थोडा धक्का खाली उतरतो तो रबर अडवतं. म्हणूनच मी ओंडक्याऐवजी वाळूची पेटी सुचवेन. ओंडका धक्का सरळ खाली पोचवतो. वाळूचे कण एकमेकांवर घासतात आणि धक्का तिथेच जिरतो.

इरफानभाई (ए-9): ओंडका वाईट नाही, पण ओला मिळाला तर वर्षभरात आकसून तडकतो. बाभूळ असेल तर टिकतो, तरी मातीवर ठेवला की वाळवीचं बघावं लागतं. आणि ओंडक्याच्या वरच्या तोंडात रेषा उभ्या असतात, तिथे उभा मारलेला कोच स्क्रू (लाकडात मारायचा जाड स्क्रू) धरत नाही, काही दिवसांत सैल होतो. ओंडकाच हवा असेल तर साखळी आणि टर्नबकलने (फिरवून साखळी ताणणारा जोड) बाजूने आवळा.

पेटी मी करून देतो. 3 मिमी पत्रा, 45 × 45 सेंमी, उंची 51. वरच्या काठाला 25 × 25 मिमीचा अँगल (L आकाराची लोखंडी पट्टी) बाहेरून, नाहीतर मोकळा काठ स्वतःच झणझणतो. बुडाला 6 मिमीची चार-पाच भोकं, आतून जाड कापड. पावसाचं पाणी शिरलंच तर निचरा होईल.

वैशाली: उंची 51 च का?

सुहासकाका: उंची माणसावरून ठरते. अनिकेतने कामाचे बूट घालून सरळ उभं राहायचं, हात खाली सोडायचा, मूठ वळायची. बोटांच्या पेरांची उंची म्हणजे ऐरणीच्या माथ्याची उंची. त्याची 72 सेंमी भरते. त्यातून ऐरणीचे 22 गेले, उरले 50. म्हणजे ऐरणीखालच्या फळीचा वरचा पृष्ठभाग जमिनीपासून 50 वर यायला हवा.

इरफानभाई: तळाला रबर 2 सेंमी, त्यावर पेटी 51, काठ आला 53 वर. वाळू काठाच्या 8 सेंमी खालपर्यंत भरायची, ती आली 45 वर. त्यावर 5 सेंमी जाड फळी. झाले 50. ऐरणीचे पाय काठाच्या तीन सेंमी आत राहतात, म्हणून ती घसरून बाहेर यायची भीती नाही. वाळू साधारण 87 लिटर लागेल, कोरडी असेल तर 140 किलोच्या आसपास. पेटीचा पत्रा 26-27 किलो. सगळं मिळून 220 किलो धरा. मेधाताईंचं दोनशेचं गणित बसलं.

मेधाताई: अगदी. क्रश सँड (दगड भरडून केलेली वाळू) चालेल, पण चाळून आणि पूर्ण वाळवून. ओली वाळू फळीला आणि पत्र्याला गंज-बुरशी देते, आणि वाळल्यावर खाली बसते ती वेगळीच. पहिले काही दिवस ऐरण थोडी खाली जाईल. फळी काढून वाळू टाकायची, पुन्हा लेव्हल बघायची. हा पेटीचा मोठा फायदा आहे, उंची कधीही बदलता येते.

फळी पेटीच्या बाजूंना टेकता कामा नये. 40 × 40 ची फळी घ्या, दोन-अडीच सेंमी फट चारी बाजूंनी राहील. टेकली तर धक्का वाळूला टाळून पत्र्यातून थेट खाली जातो आणि पेटी वाजायला लागते.

इरफानभाई: फळी म्हणजे 25 मिमीच्या दोन मरीन प्लाय, एकमेकांवर फेव्हिकॉलने चिकटवून, रात्रभर वजनाखाली. तिच्यातून चार M12 (12 मिमी जाडीचे) बोल्ट खालून वर काढायचे, डोकी खाली, मोठ्या वॉशरसकट. ऐरणीच्या पायांवर 40 × 6 मिमीची लोखंडी पट्टी आडवी, दोन पुढे-मागे, वरून नट. उभ्या रेषेत स्क्रू मारायचा प्रश्नच येत नाही.

अनिकेत: आणि चार मिमीचा थर कशाचा?

मेधाताई: सिलिकॉन सीलंट. हे नीट वाचा, इथे लोक चुकतात.

व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन घेऊ नका, त्यातून सुटणारं आम्ल लोखंडाला गंजवतं. दुकानात ‘न्यूट्रल क्युअर’ म्हणून मागा. 280-300 मिलीची एक नळी पुरते.

बूड तारेच्या ब्रशने घासून थिनरने पुसायचं. फळीवर चार कोपऱ्यांत 4 मिमी जाडीच्या रबरी शीटचे दोन-दोन सेंमीचे तुकडे ठेवायचे, नाहीतर 50 किलोच्या वजनाखाली ओलं सिलिकॉन सगळं बाहेर येतं आणि पोलाद लाकडाला भिडतं. लोखंडी वॉशर आधाराला घालू नका, त्यातून थरथर खाली जाते. मग बोटाएवढ्या जाड, म्हणजे 10 मिमीच्या रेघा अडीच-अडीच सेंमीवर ओढायच्या, लांबीच्या दिशेने आठ. दाबल्यावर प्रत्येक रेघ दोन सेंमी पसरते आणि मध्ये अर्धा सेंमी मोकळी फट राहते. ही फट हवी. सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतं, तेही कडेकडून, दिवसाला दोन-तीन मिलिमीटर. सगळीकडे सलग थापलं तर मधलं सिलिकॉन आठवड्यांनीही लिबलिबीत राहतं आणि ऐरण हळूहळू तिरकी होते.

ऐरण दोघांनी सरळ खाली ठेवायची, सरकवायची नाही. एक आठवडा हात लावायचा नाही. मगच पट्ट्यांचे नट आवळायचे.

सुहासकाका: नट आवळल्यावर लहान हातोडीने माथ्यावर टिचकी मारून बघ. निम्मी ठणठण तिथेच गेलेली असेल. उरलेलीला लोहचुंबक. जुन्या स्पीकरचा, दहा-बारा सेंमी व्यासाचा. तो मागच्या टोकाच्या खालच्या अंगाला लावायचा, कारण थरथर टोकांना जास्त असते. कमरेला लावलास तर फरक जवळजवळ शून्य. एका हाताने टिचक्या मारत दुसऱ्या हाताने चुंबक सरकवत जा, ठण अचानक ठक होतो ती जागा. एक शिंगाखालीही लावून बघ. चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळ, तापलेल्या लोखंडावरून सुटणारी खपली त्याला चिकटली की सुटता सुटत नाही. माथ्यावर चुंबक कधी नको, तीच खपली मग तुझ्या कामाखाली येते.

कमरेभोवती जाड साखळीचे दोन वेढे दिले तरी चालतं, कड्या हलतात त्यात थरथर खर्ची पडते.

अनिकेत: यात ऐरणीची उसळी, म्हणजे हातोडा परत वर उडवणं, मरेल का? काम त्यावरच चालतं.

सुहासकाका: नाही. उसळी माथ्याच्या कठीणपणावर असते. तपासून बघायची तर एक इंची बेअरिंगचा छर्रा 25 सेंमीवरून माथ्यावर सोड. आत्ता सोड, बसवल्यावर पुन्हा सोड. चांगल्या पोलादावर तो सत्तर-ऐंशी टक्के परत येतो. चुंबक लावल्याने तो आकडा बदलत नाही. उलट कुणी ‘ही वाजतच नाही’ म्हणून बिडाची ऐरण विकायला आला तर घेऊ नकोस. ती वाजत नाही हे खरं, पण छर्रा जेमतेम उठतो, माथ्याला खड्डे पडतात, कडा तुटतात.

वैशाली: रेल्वेच्या रुळाचा तुकडा स्वस्त पडतो असं ऐकलंय. तो कमी वाजतो का?

इरफानभाई: आडवा ठेवला तर जास्त वाजतो. उभा रोवला तर बराच शांत, कारण ठोक्याच्या थेट खाली सगळं वजन येतं. पण मीटरला 60 किलोच्या रुळाचा 40 सेंमीचा तुकडा 24 किलोचाच. आणि तो बिलाशिवाय घेऊ नका. रेल्वेचा माल बेकायदा बाळगणं 1966 च्या कायद्याने गुन्हा आहे. लिलावातला भंगार, पावतीसकट, तरच.

सुहासकाका: गावातल्या लोहाराची ऐरण बघा. चौकोनी ठोकळा, शिंग नाही, कमर नाही, लाकडात बसवलेला आणि लाकूड जमिनीत गाडलेलं. मोकळं टोकच नाही, मग वाजणार काय? फार शहाणी रचना आहे ती.

मेधाताई: आता तळ. अनिकेत, शहाबादी फरशी जोत्याला चिकटून आहे, पेटी तिच्यावर ठेवू नकोस. 75 × 75 सेंमीचा तुकडा कटरने कापून काढायचा. खाली काळी माती असेल तर ती 20 सेंमी खणून काढ, पावसात फुगते आणि पेटी कलते. मुरूम आणि क्रश सँड दोन थरांत धुमसून भर. त्यावर 60 × 60 ची सुटी जाड फरशी, तिच्यावर रबर, रबरावर पेटी. सुट्या फरशीच्या चारी बाजूंची फट सिमेंटने भरायची नाही. गवंडी सवयीने भरतो, त्याला बजावून सांग. भरली की धक्क्याला भिंतीकडे जायला पुन्हा पूल तयार.

आणि जागा भिंतीपासून अडीच मीटरवर न ठेवता अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, पाच मीटरवर ने. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण 6 डेसिबलने उतरतो. हा फुकटचा इलाज आहे.

मोहिनीताई: कायद्याची मर्यादा कितीची?

मेधाताई: ध्वनिप्रदूषण नियम 2000 प्रमाणे निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल. दिवस म्हणजे सकाळी 6 ते रात्री 10. ही सरासरी पातळी आहे, एकेका ठोक्याची नाही. मोबाइलचं अ‍ॅप ठोक्याचा झटका नीट पकडत नाही, पण आधी-नंतरचा फरक बघायला पुरेसं आहे. फोन वैशालीच्या खिडकीत, त्याच जागी ठेवून दोन्ही वेळा मोजा.

सुहासकाका: हातालाही वळण हवं. लोखंड केशरी असताना मार. मऊ लोखंड ठोका गिळतं, आवाज होतो ठप्प. काळं पडल्यावर मारलेला ठोका काम करत नाही, नुसता वाजतो. दोन ठोक्यांच्या मध्ये रिकाम्या ऐरणीवर हातोडा टेकवायची सवय लावून घेऊ नकोस, सगळ्यात मोठी ठण तीच. जड घाव कमरेच्या वर, मध्यावर. शिंगावर फक्त वाकवायचं काम. थंड पट्टी सरळ करायची असेल तर लाकडी ठोकळ्यावर, लाकडी हातोड्याने. आणि कानावर मफ, अंगण उघडं असलं तरी.

वैशाली: हे सगळं झालं तर माझी हरकत नाही. बाळ दुपारी 1 ते 4 झोपतं, तेवढं सांभाळा. दहावी-बारावीच्या परीक्षांच्या दिवसांत बंद ठेवाल का?

अनिकेत: नक्की ठेवतो. शनिवार-रविवार सकाळी 10 ते 12:30, बाकी नाही. पेटी पाच मीटरवर घेतो. पावसाळ्यात ताडपत्री, माथ्याला तेल.

इरफानभाई: ताडपत्री नसेल तेव्हाही वाळूवर पत्र्याचं झाकण ठेवा, ऐरणीभोवती कापून. उघडी वाळू दिसली की मांजरी येतात.

अनिकेत: काका, एक राहिलं. उंची बरोबर बसली हे कामावरून कसं ओळखायचं?

सुहासकाका: पट्टीवरचे वण बघ. तुझ्यापासून लांबच्या कडेला अर्धचंद्र उठत असतील तर ऐरण खाली आहे, वाळू घाल. तुझ्याकडच्या कडेला उठले तर वर आहे, काढ. एका वेळी एक सेंमी, जास्त नाही. आणि दर वेळी नट तपास.

इरफानभाई: पेटी बुधवारपर्यंत देतो. वाळू तोवर चाळून गच्चीवर पसरून ठेवा, आणि शनिवारी उचलायला दोन माणसं सांगून ठेवा.