खडकाळ किनाऱ्यावरील दीर्घ एक्स्पोजर : परतणाऱ्या लाटेच्या रेषा टिकवण्यासाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

कोल्हापुरात दीर्घ एक्स्पोजरचा, म्हणजे शटर बराच वेळ उघडे ठेवून छायाचित्र घेण्याचा, सराव करायचा तर रंकाळा तलाव हाताशी आहे, आणि त्यातील संध्यामठ या दगडी वास्तूभोवतीच्या पाण्याची छायाचित्रे मला आता बऱ्यापैकी मनासारखी मिळतात. तेथे शटर 30 सेकंद उघडे ठेवले काय किंवा 2 मिनिटे ठेवले काय, वाऱ्याने उठलेल्या बारीक लहरी पुसल्या जातात आणि पाणी सपाट दिसते. गगनबावड्याचा घाट उतरून देवगड-कुणकेश्वरच्या किनाऱ्यावर गेल्यावर मात्र हा हिशेब उपयोगी पडत नाही, म्हणून अनुभवी मंडळींचा सल्ला हवा आहे.

सूर्यास्ताच्या सुमारास ॲपर्चर (लेन्सचे छिद्र) एफ/11 आणि आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) 100 ठेवल्यास फिल्टरशिवाय शटरच्या वेळेचे साधारण 1/15 सेकंद असे मोजमाप येते. माझ्याकडे 6 स्टॉप आणि 10 स्टॉप असे दोन एनडी, म्हणजे प्रकाश कमी करणारे गडद, फिल्टर आहेत (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा). पहिला प्रकाश 64 पट कमी करतो, म्हणजे सुमारे 4 सेकंद मिळतात. दुसरा जवळपास 1000 पट कमी करतो, म्हणजे एक मिनिटाहून अधिक वेळ द्यावा लागतो. मिनिटभराच्या चित्रात खडकांभोवती सगळीकडे सारखे पांढरे धुके पसरते आणि समुद्र समुद्र वाटतच नाही. मला हवे आहे ते वेगळेच : लाट खडकावर फुटून मागे फिरते तेव्हा फेसाचे जे लांब ओघळ जांभ्याच्या खाचांतून समुद्राकडे ओढले जातात, त्यांची दिशा चित्रात उमटली पाहिजे. माझ्या समजुतीप्रमाणे यासाठी अर्धा ते दोन सेकंद पुरावेत आणि लाट फुटताना नव्हे, तर पाणी परतू लागताच शटर उघडावे. हे बरोबर आहे का? लाटेचा जोर कमी असताना हा वेळ किती वाढवता? 6 स्टॉपचा फिल्टर लावून अंधार वाढण्याआधी हा वेग साधायचा, तर आयएसओ वाढवावा की ॲपर्चर मोठे करावे, की 3 स्टॉपचा फिल्टर घेणेच शहाणपणाचे ठरेल?

दुसरी अडचण आकाशाची आहे. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून असल्यामुळे मावळता सूर्य नेमका समोर येतो. आकाश पांढरे पडू नये म्हणून एक्स्पोजर कमी केले, की ओले खडक काळे होतात. ग्रॅज्युएटेड (वरचा अर्धा भाग गडद असलेला) फिल्टर सरळ क्षितिजावर छान बसतो, परंतु क्षितिजाच्या वर डोके काढणारा खडकही त्याने काळवंडतो. आकाशासाठी वेगळे चित्र घेऊन नंतर दोन्ही जोडण्याकडे माझा कल आहे. पोलरायझर (चमक कमी करणारा फिल्टर) मात्र मी काढणार नाही, कारण सूर्यासमोर त्याचा आकाशावर फारसा परिणाम होत नसला तरी ओल्या खडकावरची चमक तो कमी करतो आणि जांभ्याचा तांबूस रंग उठून दिसतो.

आता सर्वांत महत्त्वाचे, म्हणजे दिवस कोणता निवडावा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा आहे. त्यानुसार अमावास्येला आणि पौर्णिमेला (पंधरावी तिथी धरून) भरती सव्वाअकराच्या सुमारास येते, म्हणून पूर्ण ओहोटी साधारण साडेपाचला होते. त्या दिवसांत खडक भरपूर उघडे पडतात हे खरे, परंतु मार्गशीर्षात सूर्य सहा वाजल्यानंतर मावळतो. म्हणजे सूर्यास्तानंतरच्या निळ्या उजेडात आपण खडकावर उभे असताना पाणी चढू लागलेले असते, आणि उधाणात ते झपाट्याने चढते. अष्टमीला भांग, म्हणजे पाण्याचा चढउतार कमी, असतो, पण भरती नेमकी सहाला येते आणि खालचे खडक बुडालेले राहतात. चतुर्थी-पंचमीला भरती तीन ते पावणेचारच्या दरम्यान होऊन गेलेली असते. सूर्यास्ताला पाणी उतरत असते, खडक नुकतेच ओले होऊन उघडे पडत असतात आणि परतीचा मार्गही मोकळा होत जातो. माझ्या मते हेच दिवस सर्वांत योग्य आहेत. प्रत्यक्ष निघण्यापूर्वी त्या दिवसाचे भरती-ओहोटीचे वेळापत्रक मी पाहीनच, परंतु ज्यांनी देवगड, विजयदुर्ग किंवा निवतीच्या बाजूला काम केले आहे, त्यांनी उतरत्या पाण्यात फेसाच्या रेषा खरोखर अधिक स्पष्ट मिळतात का, हे कृपया सांगावे. माझ्या दृष्टीने चित्राइतकाच हा सुरक्षिततेचाही प्रश्न आहे, कारण शेवाळलेल्या खडकावरून अंधारात, खांद्यावर ट्रायपॉड घेऊन मागे फिरणे सोपे नसते.

ट्रायपॉडबद्दल थोडक्यात विचारतो. मधला दांडा मी वर काढत नाही, लेन्सचे स्टॅबिलायझेशन बंद ठेवतो आणि शटर रिमोटने उघडतो. तरीही पायांना पाणी लागले की चित्र हलते. पाय खडकाच्या खाचेत रोवणे आणि पिशवी मधोमध टांगणे यांपैकी वाऱ्यात कशाचा अधिक उपयोग होतो? लेन्सवर उडणाऱ्या खाऱ्या तुषारांसाठी प्रत्येक चित्रानंतर फिल्टर पुसण्याखेरीज दुसरा काही उपाय आहे का?

उत्तरासोबत एखादे छायाचित्र देणार असाल, तर शटरचा वेळ, फिल्टर किती स्टॉपचा होता आणि त्या वेळी पाणी चढते होते की उतरते, एवढे अवश्य लिहावे.