बल्गेरियातल्या सुट्ट्या: कम्युनिस्ट काळातल्या कुठल्या उरल्यात?

सोफियावारी: नवऱ्याचं पोस्टिंग सोफियाला झालंय, फेब्रुवारीच्या शेवटी आम्ही तिकडे पोचतोय. त्याच्या ऑफिसने सुट्ट्यांची यादी पाठवली पण त्यात नुसत्या तारखा. ३ मार्च काय आहे? आणि कम्युनिस्ट राजवटीतल्या सुट्ट्या अजून पाळतात की सगळ्या पुसून टाकल्या?

वार्नाकर: मी सहा वर्षं काढलीत तिथे. जुना राष्ट्रीय दिन ९ सप्टेंबर, म्हणजे १९४४ ला कम्युनिस्ट सत्तेवर आले तो, तो गेला, ७ नोव्हेंबरची रशियन क्रांतीची सुट्टीही गेली. १९९० पासून राष्ट्रीय दिन ३ मार्च, १८७८ चा सान स्तेफानोचा तह, ऑटोमन राजवटीतून सुटका झाली त्याचा. त्या युद्धातली मोठी लढाई झाली त्या शिपका खिंडीतल्या स्मारकावर मोठा कार्यक्रम असतो, आणि अर्धा देश तिकडेच निघालेला असतो त्यामुळे गाडीने जायचं तर पहाटेच निघा. १ मे राहिला, पण आता लोक झेंडे घेऊन नाही, कोळसा घेऊन जातात डोंगरात, बार्बेक्यूला 😀

२४ मे मात्र बघाच. सिरिल आणि मेथोडियस, म्हणजे स्लाव लिपीचे जनक मानले जाणारे दोन भाऊ, त्यांचा आणि लिपीचा सण. लिपीसाठी अख्ख्या देशाला सुट्टी! हा कम्युनिस्टांच्या आधीही होता, त्यांच्या काळातही होता, आताही आहे. शाळेची पोरं फुलं घेऊन मिरवणुकीत.

जुनी_भाडेकरू: ताई, तुम्ही पोचताय तेव्हा १ मार्च लगेच येईल, त्याला सुट्टी नसते पण गंमत खरी त्याचीच. बाबा मार्ता, म्हणजे मार्च आजी. लाल-पांढऱ्या दोऱ्याची मार्तेनित्सा एकमेकांना देतात, स्वतःसाठी विकत घ्यायची नसते, कोणीतरी बांधायची. करकोचा किंवा फुललेलं झाड दिसेपर्यंत हातावर ठेवायची, मग झाडाला बांधून टाकायची. एप्रिलमध्ये पार्कातल्या झाडांवर नुसते दोरेच दोरे.

आमची घरमालकीण सांगायची की तिच्या लहानपणी ख्रिसमसला सुट्टी नसायची, भेटी आणणारा म्हातारा पण बदललेला, द्यादो कोलेदाच्या जागी द्यादो म्राझ, तो नवीन वर्षाला यायचा. पण तिची आई २४ डिसेंबरला पडदे लावून जेवण करायचीच, बिनमांसाचे पदार्थ, तेही विषम संख्येत, सात किंवा नऊ, आणि गोल पावात नाणं. ते ताट रात्रभर टेबलावरून उचलायचं नाही. आता उघड करतात पण तिने पडदे लावायची सवय काही सोडली नव्हती.

वार्नाकर: +१. आणि ईस्टर त्यांचा ऑर्थोडॉक्स, बहुतेक वर्षी आपल्या कॅलेंडरवरच्या ईस्टरपेक्षा उशिरा, गुड फ्रायडे ते सोमवार चार दिवस सलग सुट्टी. बँका, सरकारी कामं त्याआधीच उरकून घ्या. मोठी सुपरमार्केटं मिळतात उघडी. ८ मार्चला सुट्टी नाही पण बायकांना फुलं देतात, फक्त विषम संख्येत द्यायची हं, सम संख्या अंत्यविधीला.

सोफियावारी: बापरे, मी सरळ डझनभर गुलाब घेऊन गेले असते. बाकी तो दोरा पुरुष पण बांधतात का? नवरा आत्तापासूनच नाही म्हणतोय.

जुनी_भाडेकरू: सगळे बांधतात, आमच्या बँकेतला सूटबूटवाला मॅनेजर पण. ऑफिसात कोणीतरी त्यांच्या हाताला बांधेलच, विचारणार पण नाही.