रायलीच्या रेघा हलतात कशा?

प्रश्न: न्यूयॉर्कच्या मोमा म्युझियममध्ये १९६५ला 'द रिस्पॉन्सिव्ह आय' एक्झिबिशन झालेलं ना, त्यातलं ब्रिटिश चित्रकार ब्रिजेट रायलीचं 'करंट' हे चित्र मोबाईलवर बघतोय. नुसत्या काळ्या-पांढऱ्या नागमोडी रेघा, पण मधे जिथे लाटा दाटीने येतात तिथे सगळं थरथरतं राव. असं का होतं?

उत्तर १: कितीही टक लावली तरी डोळा बारीक बारीक हलतच असतो, त्यात इतक्या खेटून रेघा आणि काळ्या-पांढऱ्याचा कॉन्ट्रास्ट, त्यामुळे होतं असं बरेच संशोधक म्हणतात, पूर्ण एकमत नाहीये अजून.

उत्तर २: मोबाईलवर नका बघू, पिक्सेल आपलीच वेगळी नक्षी घालतात. मूळ चित्र जवळपास दीड मीटर लांब-रुंद आहे, जवळ उभं राहिलं की नजरेला पळायला जागाच नाही.

उत्तर ३: मला तर ही नुसती डोळ्यांची गंमत वाटते. तेव्हाही समीक्षकांनी नाकं मुरडलेली, पब्लिकने मात्र गर्दी केली. कपडेवाल्यांनी तर लगेच तसली डिझाइन्स काढली, रायलीबाई जाम भडकल्या.

उत्तर २: एक्झिबिशनमधलं सगळंच गरगरणारं नव्हतं हो, चित्रकार जोसेफ आल्बर्सचे एकात एक रंगीत चौकोनपण होते तिथे, एकदम शांत. शेजारचा रंग बदलला की तोच पिवळा वेगळा दिसतो, ते बघा आधी.