हळदीघाटाची लढाई कोणी जिंकली, यावर अजून किती भांडणार?

रसदवाला
2021 मध्ये हळदीघाटाजवळच्या रणभूमीवरचा, म्हणजे रक्ततलाईवरचा राणा प्रतापांच्या माघारीचा उल्लेख असलेला फलक काढला, तरी वाद मिटला नाही. माझं मत असं: 18 जून 1576 रोजी मैदान अकबराचा सेनापती मानसिंह याच्याकडे राहिलं, पण मोहीम फसली. राणा हाती लागायला हवा होता, तो लागला नाही. पुढचं वर्णन मोगलांच्या बाजूने लढाईत हजर असलेल्या इतिहासकार बदायुनीचंच आहे. लढाईनंतर मेवाडमधल्या गोगुंदा गावात शिरलेल्या मोगल फौजेने छाप्याच्या धास्तीने गल्ल्या अडवल्या, भोवती खंदक खणला, घोडा उडी मारू शकणार नाही एवढी भिंत घातली. धान्य येईना. जनावरांचं मांस आणि आंबे खाऊन दिवस काढले, त्यातून माणसं आजारी पडली. परतल्यावर मानसिंह आणि त्याच्यासोबतचा मोगल सरदार आसफखान यांना काही काळ दरबार बंद! जिंकून आलेल्याला कोणी असं वागवतं का?

तारीखवार
साफ असहमत. दरबार बंद झाला तो मानसिंहाने राण्याचा मुलूख लुटू दिला नाही म्हणून. लढाई हरला म्हणून नव्हे. प्रतापांचा सरदार झाला मान याने राण्याची राजचिन्हं स्वतःवर घेतली तेव्हा राणा निसटला. याला माघारच म्हणतात. प्रतापांचा पकडलेला रामप्रसाद हत्ती फत्तेपुरास अकबराकडे पोचवला तोही बदायुनीनेच. मृतांचा त्याचा आकडा सुमारे 500, पैकी 120 मुसलमान, बाकी हिंदू. पण हिंदू दोन्हीकडे होते आणि राण्याच्या आघाडीवर अफगाण मुसलमान हकीमखान सूर होता, त्यामुळे या आकड्यावरून कोणाचे किती पडले ते काढता येत नाही. तरी लोक काढतातच. शिवाय 1578 मध्ये मोगल सेनापती शाहबाजखानाने मेवाडचा कुंभलगड घेतला. चितोड आणि मांडलगड तर प्रतापांच्या हयातीत परत आलेच नाहीत. 1585 मध्ये अकबर लाहोरकडे गेला म्हणून मेवाडला श्वास घेता आला.

रसदवाला
लाहोर 1585, प्रतापांनी जिंकलेली दिवेरची लढाई 1582. क्रम बघा. अकबर तिकडे वळण्याआधीच मेवाडमधली मोगल ठाणी उठू लागली होती. प्रतापांनी सपाटीवरची शेती बंद केली, गावं डोंगरात नेली. मग ठाण्यातल्या घोड्याला दाणा आणि माणसाला पीठ बाहेरून आणायचं. त्या तांड्याबरोबर सोबतीची तुकडी हवी, म्हणजे ठाण्यात माणसं कमी. भिल्लांनी तांडा दरीत अडवला की ठाणं न लढताच रिकामं होतं. या डावाची किंमत मेवाडच्या शेतकऱ्याने मोजली, हे मात्र गौरवगाथांत कोणी लिहीत नाही.

गडकोट
इथे कोणीतरी 'आपला गनिमी कावा तिकडूनच आला' म्हणायच्या आत सांगतो: महाराजांपाशी कोकण किनारा होता, आरमार होतं, सुरतेचा पैसा होता. मेवाडला समुद्र नाही. खरा धागा वेगळाच आहे. 1665 मध्ये पुरंदरला आलेला मिर्झाराजा जयसिंह हा मानसिंहाच्याच आमेर घराण्यातला.

तारीखवार
दिवेर मान्य. पण त्यानंतर 1584 मध्ये मोगलांकडून जगन्नाथ कछवाह्याची मोहीम आलीच, म्हणजे दिवेरने दाब संपला नव्हता. आणि शेवटी 1615 मध्ये प्रतापांचा मुलगा अमरसिंह याला मोगलांशी तह करावा लागला.

रसदवाला
तहाची कलमं वाचा. राण्याला स्वतः दरबारी हजेरी माफ, त्याच्याऐवजी मुलगा कर्णसिंह जाणार. चितोडही परत.

तारीखवार
डागडुजी न करण्याच्या अटीवर! ती मोडली म्हणून 1654 मध्ये शाहजहानने फौज पाठवून नवं बांधकाम पाडून टाकलं.