स्कॉट वॉकर: एवढा गळा असताना हे असं का?

गिरगाव_चाळ
बाबांनी चोर बाजारातून वॉकर ब्रदर्सची तबकडी आणली होती, स्कॉट वॉकर ज्यात गायचा तो साठच्या दशकातला पॉप गट. 'द सन एंट गॉना शाइन एनीमोर' लागलं की घरात कुणी बोलायचं नाही. १९६६ साली ब्रिटनमध्ये हे गाणं पहिल्या नंबरवर होतं. परवा लोकलमध्ये त्याच स्कॉट वॉकरचा २००६चा अल्बम 'द ड्रिफ्ट' लावला आणि दादर यायच्या आत बंद केला. चाल नाही, ठेका नाही, मधेच कुणीतरी काहीतरी बडवतंय. चिडलो नाही, पण फार वाईट वाटलं. कुणी समजावेल का?

मंद्रसप्तक
एकदम २००६ वर उडी मारलीत. आधी वॉकर ब्रदर्सचाच १९७८चा अल्बम 'नाइट फ्लाइट्स' घ्या, त्यातली पहिली चार गाणी स्कॉटची. मग १९८४चा 'क्लायमेट ऑफ हंटर', त्यानंतर अकरा वर्षांनी 'टिल्ट', आणि आणखी अकरा वर्षांनी 'द ड्रिफ्ट'. आणि लोकलमध्ये नको, रात्री ऐका.

फोलीवाले_काका
ते 'बडवणं' म्हणजे डुकराच्या मांसावर मारलेले ठोसे आहेत. गाणं 'क्लारा'. १९४५ साली इटलीचा हुकूमशहा मुसोलिनी आणि त्याची प्रेयसी क्लारा पेताची यांना गोळ्या घालून मिलानच्या चौकात उलटं टांगलं होतं, त्यावरचं.

मी तीस वर्षं अंधेरीत सिनेमांना फोली दिली, म्हणजे पडद्यावरच्या हालचालींचे आवाज स्टुडिओत बनवून दिले. ठोसा हवा असला की उशी बडवायची, कधी स्वतःची मांडी. आमचा ठोसा खणखणीत लागायचा, कारण पब्लिकला मजा यायला हवी. वॉकरचा ठोसा ओला आणि बद्द आहे. मारणारा ऐकू येतो, मार खाणारा हूं की चूं करत नाही. मेलेल्या अंगाचा आवाज असाच असणार. पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझे हात गार पडले.

आता याच्यावर तो जुना, व्हायोलिनांच्या गादीवर लोळणारा आवाज लावला असता तर? प्रेतसुद्धा देखणं झालं असतं. म्हणून तो गळा ताणून, वरच्या पट्टीत, कसलाही आधार न घेता गातो. गळा गेलेला नाही हो, त्यानं मुद्दाम बाजूला ठेवलाय. गाण्यातली बाई माळ्यावर अडकलेल्या पाकोळी पक्ष्याबद्दल बोलते, तिथपर्यंत तरी थांबा.

गिरगाव_चाळ
काका, काल रात्री दिवे घालवून पूर्ण ऐकलं. ठोशांना दोनदा हेडफोन काढले, पुन्हा घातले. पाकोळीपाशी मात्र रडू आलं. आमच्या खोलीत चिमणी शिरली की बाबा हातातलं टाकून आधी पंखा बंद करायला धावायचे.