गोलकीपर मुलीचं पुढं काय?

परभणीच्या ताईंनी विचारलंय की मुलगी शाळेच्या फुटबॉल संघात गोलकीपर आहे, यात पुढं काही आहे का. त्यावर एका भाऊंचं म्हणणं, गोलकीपरला काय, नुसतं उभं राहायचं! भाऊ, बायकांच्या सामन्यातही गोल पुरुषांएवढाच असतो, ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच. राहा एकदा उभे.

ताई, भारताची गोलकीपर राहिलेल्या अदिती चौहानचं बघा. शिकायला इंग्लंडला, लफबरोला गेली आणि २०१५ मध्ये तिथल्याच वेस्ट हॅम क्लबच्या महिला संघात खेळली. परत येऊन गोकुलम केरळा क्लबकडून इंडियन विमेन्स लीग, म्हणजे देशातली महिला क्लबांची मुख्य स्पर्धा, जिंकली. २०२५ मध्ये निवृत्त झाली. शिक्षण आणि खेळ दोन्ही धरून ठेवले, हे मला जास्त मोलाचं वाटतं. संघात गोलकीपरची जागा एकच, त्यामुळं बाकावर बसायची तयारी हवी. पण या जागेवर वय फार आड येत नाही, तिशीनंतरही खेळता येतं.

आपल्याकडं खरी अडचण मैदानाची. मुरमावर डाइव्ह मारली की कोपर आणि कंबर सोलून निघते. पाणी मारून मैदान मऊ करा म्हणावं, तर उन्हाळ्यात प्यायलाच टँकर. म्हणून पडायचा सराव लांब उडीच्या वाळूच्या खड्ड्यात करू द्या. आधी गुडघ्यावर बसून कुशीवर पडायचं, मग उभ्यानं. फुलपँट आणि कोपराचे पॅड पाहिजेतच. हातमोजे मात्र मापाचेच घ्या, पोर वाढती आहे म्हणून एक नंबर मोठे नकोत.